चट्टा दिसला, पण रोग कोणता? कुष्ठरोगाच्या निदानाची दीडशे वर्षं

पेपर वाचताना ‘मेथड्स’मध्ये एक वाक्य तुम्हाला हमखास भेटतं: ‘निदान अनुभवी डॉक्टरांनी क्लिनिकल तपासणीवरून केले.’ आपण ते वाचतो, मान डोलावतो आणि थेट निकालाच्या तक्त्याकडे जातो. आज त्या एका वाक्यापाशीच थांबायचं आहे. अनुभवी म्हणजे कोण? तपासणी म्हणजे नेमकं काय केलं? आणि त्यांचं निदान बरोबर होतं हे कशावरून ठरवलं?

उदाहरण मुद्दाम त्वचारोगाचं घेतेय. पोटातला, छातीतला रोग लपलेला असतो. त्वचेवरचा चट्टा मात्र उजेडात दिसतो, त्याला हात लावता येतो. म्हणून आपल्याला वाटतं, इथे तरी डोळ्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. हा भरवसा किती टिकतो ते पाहायला आपल्याकडे कुष्ठरोगाइतका चांगला इतिहास दुसरा नाही. कारण इथे चुकीची किंमत मोठी होती. नसलेला रोग ‘आहे’ म्हटलं तर माणूस घरातून, कधी गावातूनही बाहेर जायचा. असलेला रोग ‘नाही’ म्हटलं तर काही वर्षांनी बोटं वाकडी व्हायची.

सुरुवात शब्दांपासून करावी लागते, कारण पहिला घोळ तिथेच आहे. आपल्या बोलण्यात महारोग, रक्तपिती, कोड, कुष्ठ हे शब्द एकमेकांत मिसळलेले. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हे अठरा प्रकारच्या त्वचारोगांचं मोठं घराणं आहे, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. पांढरे डाग म्हणजे श्वित्र किंवा किलास हे त्या अठरांत येत नाहीत, ते वेगळे सांगितलेत. त्वचा सुन्न होणं हे लक्षणही सुश्रुतसंहितेत आहे. म्हणजे जुन्या वैद्यांना फरक कळत नव्हता असं नाही. पण इंग्रजी अंमलात हे सगळं एका ‘लेप्रसी’ शब्दात कोंबलं गेलं, आणि कोडाला नाव पडलं ‘पांढरी लेप्रसी’. कोडात त्वचेचा फक्त रंग जातो. संवेदना शाबूत, नसा शाबूत, संसर्ग शून्य. तरी नाव एकच. आजही आपल्या भागात अंगावर कोड असलेल्या मुलीचं लग्न जमताना काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. त्याचं एक मूळ या नावात आहे.

मुंबईतला एक चित्रकार डॉक्टर

हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव वैद्यकीय विद्यार्थ्यांना माहीत असतं, पण वेगळ्या कारणाने. १८५८ साली निघालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’तली चित्रं त्याची. त्याच वर्षी तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि जे. जे. हॉस्पिटलमध्ये कुष्ठरोग्यांची शवविच्छेदनं करू लागला. चित्रकाराची नजर इथे कामी आली. त्वचा सगळेच बघत होते; त्याने त्वचेखालच्या नसा उघडून पाहिल्या. त्या जाड झालेल्या, सुजलेल्या होत्या. हा रोग जितका कातडीचा तितकाच नसांचा आहे, हे त्याने १८६०च्या दशकात मुंबईत बसून मांडलं. नॉर्वेत डॅनियलसन आणि बोक यांनी १८४७ साली या रोगावर मोठा ग्रंथ काढला होता. कार्टरचं काम त्याच वाटेवरचं. पुढे तो स्वतः नॉर्वेला गेला. तिथे आर्माउर हॅन्सनने १८७३ साली रोग्यांच्या गाठींमध्ये जंतू पाहिले होते.

आता संशोधनाच्या नजरेने बघा. कार्टरचे रोगी कोण होते? हॉस्पिटलात येऊन पोचलेले, रोग पुढे गेलेले, बरेचसे मरणाच्या दारात. अशा माणसात निदान चुकणं कठीण. कानाच्या पाळ्या जाड, नाक बसलेलं, बोटं झडलेली. इथे तपासणी जवळजवळ अचूक वाटते. पण तीच तपासणी खेड्यात, एकच फिकट चट्टा असलेल्या दहा वर्षांच्या पोरावर करा, सगळा आत्मविश्वास गळून पडतो. याला ‘स्पेक्ट्रम बायस’ म्हणतात. ज्या रोग्यांवर चाचणी पारखली ते आणि ज्यांच्यावर ती वापरणार ते, यांच्यात रोगाची पायरी वेगळी असेल तर हॉस्पिटलातली टक्केवारी गावात चालत नाही.

आणि मोजायचं तर गावातच होतं. कार्टरने मुंबई इलाख्यातल्या कुष्ठरोगावर अहवाल लिहिला तो १८६७ ते १८७१ या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या सरकारी तक्त्यांवरून. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता (पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी १९०६ची) आणि आमचं रावेर सावदा तालुक्यात मोडायचं. अशा गावातून वर जाणारा आकडा शवविच्छेदन करणाऱ्या कार्टरच्या हातचा नव्हता. त्याने नसांबद्दल जे लिहिलं ते त्याने स्वतः पाहिलेलं. इलाख्यातल्या रोग्यांबद्दल लिहिलं ते दुसऱ्यांनी मोजलेलं. एकाच माणसाच्या दोन कामांचा भरवसा असा वेगवेगळा असू शकतो. संदर्भ देताना आपण हे विसरतो.

पुढे जनगणना आली. १८८१पासून दर दहा वर्षांनी घरोघरी विचारलं जायचं: कोणी वेडं, आंधळं, मुकं-बहिरं, कुष्ठरोगी आहे का? गणकाला सूचना असायची की झडणारा रोगच लिहायचा, पांढरे डाग लिहायचे नाहीत. ही सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागली यावरूनच समजा, लोक काय लिहीत होते. गणक म्हणजे गावचा कुलकर्णी नाहीतर शाळामास्तर. त्याने कोणाच्या अंगावरचा सदरा काढून पाहिला नाही. दारात उभं राहून विचारलं, घरच्यांनी सांगितलं ते लिहिलं. घरच्यांनी सुनेचं, लेकीचं नाव सांगितलं असेल का, हे तुम्हीच ठरवा.

आकडे असे आहेत: १८८१ साली भारतात १ लाख ३१ हजारांच्या वर कुष्ठरोगी, १९०१ साली सुमारे ९७ हजार. वीस वर्षांत रोग इतका कमी झाला? औषध तर तेव्हा नव्हतंच म्हणायचं, कडूकवठीच्या तेलावर सगळी भिस्त. घट होण्याची निदान तीन कारणं संभवतात. पांढऱ्या डागांची माणसं यादीतून वगळली गेली. १८९९-१९००च्या छप्पन्नच्या दुष्काळात भीक मागून जगणारे आधी मेले असणार. आणि लपवालपवी वाढली असेल. यातलं कोणतं किती, हे त्या आकड्यांतून सुटं करता येत नाही. पुढे १९२०-३०च्या दशकांत शिकलेल्या लोकांनी निवडक भागांत प्रत्यक्ष अंग तपासून पाहण्या केल्या, तेव्हा जनगणनेच्या कितीतरी पट रोगी सापडले. म्हणजे जनगणना एकाच वेळी दोन्हीकडून चुकत होती: नसलेले आत, असलेले बाहेर. दोन्ही चुका एकमेकींना थोड्या भरून काढतात म्हणून एकूण आकडा पटण्यासारखा दिसतो. मला स्वतःला हा सगळ्यात धोकादायक प्रकार वाटतो, कारण बेरीज बरी दिसली की आतली माणसं कोणी तपासत नाही.

कायद्याने केलेलं निदान

१८९०-९१मध्ये लेप्रसी कमिशन देशभर फिरलं. त्याच सुमारास मुंबईत म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांनी माटुंग्याला कुष्ठरोग्यांचं आश्रयस्थान उभं केलं. (हेच अ‍ॅकवर्थ, ज्यांनी शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले.) मग १८९८ला लेपर्स अ‍ॅक्ट आला. त्यातली व्याख्या बघण्यासारखी आहे. कायद्याच्या लेखी कुष्ठरोगी कोण? तर ज्याला कुठल्याही प्रकारचा कुष्ठरोग आहे आणि ज्याच्या अंगावर जखमा वाहायला लागल्या आहेत तो. असा माणूस निराधार असेल तर पोलीस त्याला पकडून तपासनिसापुढे उभा करत, तपासनीस दाखला देई, आणि मॅजिस्ट्रेट त्याला आश्रमात धाडे.

जखम हे लक्षण का निवडलं? कारण ते कोणालाही दिसतं. दोन तपासनिसांत मतभेद व्हायची शक्यता कमी. आपल्या भाषेत, या लक्षणाची ‘रिलायबिलिटी’ चांगली. पण ‘व्हॅलिडिटी’? कुष्ठरोगात तळपायाची जखम जंतू थेट करत नाही. पाय सुन्न झाला, काटा रुतला, चटका बसला, कळलं नाही, म्हणून जखम चिघळते. जुन्या, जंतू जवळपास संपलेल्या रोग्यातही ती असू शकते. उलट ज्याच्या अंगात जंतू खच्चून भरलेत अशा माणसाची कातडी बऱ्याचदा नुसती तुकतुकीत, लालसर दिसते, जखम एकही नसते. म्हणजे संसर्ग थांबवायला केलेला कायदा ज्यांना पकडत होता त्यांच्यातले अनेक निरुपद्रवी, आणि ज्यांच्यापासून संसर्ग व्हायचा ते बाजारात मोकळे. रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. हा कायदा कागदावर २०१६पर्यंत होता. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यातून गेलं ते २०१९ साली.

अंगभर तपासणीचा सगळ्यात शिस्तीचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. डॉ. वारदेकरांनी तिथे पाहणी, प्रबोधन आणि उपचार अशी तिहेरी पद्धत बसवली: शिकवलेला कार्यकर्ता गावात जाणार, घरोघरी प्रत्येकाचं अंग पाहणार, सापडेल त्याला गावातच गोळी देणार. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. त्याच वर्षी मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांच्या ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास प्रसिद्ध केला. जंतू फार लवकर त्वचेतल्या बारीक नसांमध्ये शिरतात, हे त्यातून पुढे आलं. कार्टरने प्रेतात जाड नस पाहिली. खानोलकरांनी त्याच गोष्टीची सुरुवात जिवंत माणसाच्या कातडीच्या तुकड्यात दाखवली.

म्हणून आज निदानाच्या तीन मुख्य खुणा मानल्या जातात: सुन्न झालेला फिकट किंवा लालसर चट्टा, जाड झालेली नस, आणि त्वचेच्या चिरेतून घेतलेल्या नमुन्यात दिसलेले जंतू. कागदावर फार स्वच्छ वाटतं. आता प्रत्यक्षात या.

सुन्नपणा तपासायचा म्हणजे माणसाला डोळे मिटायला सांगून कापसाची वात किंवा बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं, आणि त्याने लागलं तिथे बोट ठेवायचं. लहान मूल गंमत म्हणून कुठेही बोट ठेवतं. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट, त्यामुळे तिथला चट्टा कुष्ठाचा असला तरी संवेदना पूर्ण जाईलच असं नाही. आणि शाळकरी मुलांच्या गालावर फिकट डाग तर उन्हाळ्यात घरोघरी असतात. बहुतेकांचा कुष्ठरोगाशी काही संबंध नसतो. पाठीवरची शिबं, नायटा, जन्मखूण, भाजल्याचा व्रण, हे सगळं त्याच रांगेत उभं. जाड नस म्हणजे कोपराच्या मागची, मानेवरची किंवा गुडघ्याच्या बाहेरची नस बोटांनी चाचपायची. पण किती जाड म्हणजे जाड? रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यात केळीचे घड वाहणारा मजूर घ्या. काटक अंग, मानेवरची नस निरोगी असूनही उठून दिसणारी. तळहातावर घट्टे, तिथे हलका स्पर्श निरोगी माणसालाही कळत नाही. दंडावर केळीच्या चिकाचे काळे डाग. इथे ‘अनुभवी’ या शब्दाला अर्थ येतो. त्याला निरोगी मजुराचं अंग कसं असतं ते माहीत हवं. तिसरी खूण तेवढी पक्की, जंतू दिसला की वाद संपला. पण थोडे चट्टे असलेल्या बहुतेक रोग्यांच्या नमुन्यात जंतू दिसतच नाहीत.

थोडं गणित

दोन तपासनिसांनी एकाच गावातली तीच हजार माणसं वेगवेगळी तपासली असं धरा. (हे आकडे समजण्यासाठी मी रचलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.) दोघेही ‘रोग आहे’ म्हणाले अशी २० माणसं. फक्त पहिला म्हणाला अशी १५, फक्त दुसरा म्हणाला अशी १५. उरलेल्या ९५० जणांबद्दल दोघांचं ‘नाही’ जुळलं. एकमत ९७ टक्के! पेपरात हा आकडा किती देखणा दिसेल. पण ज्या ५० जणांना निदान एकाने तरी रोगी म्हटलं, त्यांच्यात एकमत फक्त २० जणांवर, म्हणजे ४० टक्के. बाकीचं एकमत निरोगी माणसं जास्त असल्यामुळे फुकट मिळालं. योगायोगाने होणारं एकमत वजा करून उरतं ते सांगणारा आकडा म्हणजे कोहेनचा कप्पा. इथे तो ०.५६ येतो. स्वतः काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं उदाहरण. दहा हजार लोकवस्ती, त्यात खरे रोगी १०. तपासनीस चांगला: खऱ्या रोग्यांपैकी ९० टक्के पकडतो, निरोग्यांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर सोडतो. सापडले किती? खरे ९. आणि ९,९९० निरोग्यांचे २ टक्के म्हणजे साधारण २०० जण उगाच. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांच्यात खरे रोगी शंभरात चार-पाच. तपासनीस तोच, त्याचं कौशल्य तेच. पण त्वचारोगाच्या ओपीडीत, जिथे शंभरातल्या दहांना रोग आहे, तिथे त्याच माणसाने रोगी ठरवलेल्यांपैकी दहांत आठ खरे निघतील. ‘क्लिनिकल तपासणी किती विश्वासार्ह?’ या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, तो यासाठी.

या गणितात मी एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली, ती तुमच्या लक्षात आली का? ‘खरे रोगी १०’ हे मला कोणी सांगितलं? इथे सगळ्यात अवघड गाठ आहे. कुष्ठरोगाचा जंतू आजपर्यंत प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात तो वाढतो हे १९६०ला कळलं, आर्माडिलोत १९७१ला. पण उंदरात वाढवायला महिनोन्‌महिने जातात आणि पुरेसे जंतू लागतात. बायोप्सी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात ‘नक्की सांगता येत नाही’ असं उत्तर देऊ शकते. पीसीआर आणि रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचण्या कमी जंतूंच्या रोग्यांत बऱ्याच चुकवतात. म्हणजे ज्या रोग्यांत डॉक्टरचा हात डळमळतो, नेमक्या त्याच रोग्यांत त्याचा हात पारखायला सोन्याचा मापदंड नाही. आणि बऱ्याच अभ्यासांत बायोप्सी फक्त संशयितांची होते. डॉक्टरने ज्यांना निरोगी म्हणून घरी पाठवलं त्यांची कोणी करत नाही. मग सेन्सिटिव्हिटी फुगून दिसणारच.

याचा फटका कुठे बसतो ते लसीच्या चाचणीत दिसतं. १९९१ साली तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर कुष्ठरोगाच्या लसींची चाचणी सुरू झाली. त्यात मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली आयसीआरसी लसही होती. १९९८ला निकाल आले: आयसीआरसीचं संरक्षण ६५.५ टक्के, बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू एकत्र दिलेल्या लसीचं ६४, नुसत्या बीसीजीचं ३४.१. आता विचार करा, लस न दिलेल्या गटात खरे रोगी १००, दिलेल्यात ४०. संरक्षण ६० टक्के. पण दोन्ही गटांत ५०-५० जणांना चुकून रोगी म्हटलं, तर तुलना १५० आणि ९०ची होते आणि संरक्षण ४० टक्क्यांवर उतरतं. लस तीच, जंतू तेच. निदान सैल झालं म्हणून लस कमकुवत ठरली. म्हणून अशा चाचणीत एकच माणूस कितीजणांनी, कोणकोणत्या क्रमाने तपासला, तपासणाऱ्याला कोणाला काय टोचलंय ते माहीत होतं का, हे निकालाच्या आधी वाचायचं.

आजची स्थिती थोडक्यात सांगते. १९८२ साली बहुविध औषधोपचार आला तेव्हा रोग्यांचे दोन गट नमुन्यातल्या जंतूंवरून पाडायचे होते. खेड्यापाड्यांत नमुने नीट घेतले-वाचले जाईनात. १९९८ला जागतिक आरोग्य संघटनेने मार्ग सोपा केला: पाचपर्यंत चट्टे तर कमी जंतूंचा रोग, सहा महिने औषध, सहा किंवा जास्त तर जास्त जंतूंचा, बारा महिने. शहाणपणाचा निर्णय होता, गोळी गावोगाव पोचली, २००५ अखेर देशाचं प्रमाण दहा हजारी एकच्या खाली आलं. पण कुष्ठरोगासाठी स्वतंत्र असलेली माणसं मग सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली आणि चाचपणारी, सरावलेली बोटं कमी होत गेली.

आता आशाताई शोधमोहिमेत घरोघर येतात, फॉर्मवर ‘संशयित’ लिहितात आणि पुढे ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. निदान त्यांचं काम नाही. त्यांनी जास्त माणसं पाठवली तरी चालेल, पुढे गाळणी आहे. हल्ली चट्ट्याचा फोटो काढून मोबाइलने रोग ओळखायचे प्रयोगही चालू आहेत. तुमच्यापैकी कोणी त्यात काम करणार असाल, तर त्या फोटोंना रोगाची नावं कोणी आणि कशावरून दिली ते आधी विचारा. फोटोत सुन्नपणा येत नाही. आणि सहावा चट्टा बऱ्याचदा पाठीवर, कमरेखाली असतो. तो मोजला जाईल की नाही, हे ठरतं ओसरीवर बसलेल्या बाईला आत नेऊन, दार लावून, दुसऱ्या बाईने तपासलं का यावर.